डाग पाडणारा कॅमेरा

६ जानेवारी

घेतला! जुन्या सामानाच्या दुकानातला, झटपट फोटो काढणारा कॅमेरा. बटण दाबलं की त्याच्या तोंडातूनच फोटो बाहेर. दुकानदाराने मागे लागून शिकवलं — फोटो हलवायचा नाही, पालथा ठेवायचा, दम धरायचा. "आणि हा खटका ओढून समोर जाऊन बसलात, की स्वतःचाही निघतो." वर फिल्मचं एक पाकीट तसंच हातात कोंबलं. भला माणूस!

ताईने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त केल्यात तिने, यंत्र दिसलं की हात शिवशिवतात. पण मी नुसता तिच्याकडे रोखला तर लगेच हात तोंडावर.

७ जानेवारी

ताईच्या कानामागची गाठ काढली त्याला दोन वर्षं होतील. गाठ गेली, पण जाताना चेहऱ्याची डावी बाजू लुळी करून गेली. तेव्हापासून ताई माझ्याकडेच राहते. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला हेच खूप. मला खरंच तेच खूप आहे. सकाळी स्वयंपाकघरात तिची भांड्यांची आदळआपट सुरू झाली की मी अंथरुणातूनच हात जोडते.

तिला मात्र कुणी बघायला नको. भाची शिकायला लांब. व्हिडिओवर बोलताना ताई फोन आडवा टाकते, पोरीला नुसतं आमचं छत! काल भाची मला म्हणाली, "मावशी, पंखा तोंडपाठ झाला गं. आई दाखव ना."

११ जानेवारी

पहिले तीन फोटो — पार फज्जा! कुंडीवर पांढरे ठिपके, मांजराला डोकंच नाही, आणि मी अर्धी वितळलेली. ताई हसून हसून लोळली. "नाक कुठं गहाण टाकलंस, बबडे?" आणि मग एकदम — "माझा काढ बघू. नाहीतरी यात सगळेच वाकडे येतात."

तिचा विचार बदलायच्या आत कॅमेरा उचलला. काढला. पालथा ठेवून दोघी समोर बसून राहिलो. उलटला तर तोंडभर पट्टे, ताई कुठली नि भिंत कुठली! "झकास," म्हणाली. फ्रिजवर लावला!!

१२ जानेवारी

कारण सापडलं. फोटो बाहेर ढकलणारे दोन रोलर आत असतात, त्यांच्यावर जुन्या फिल्मचा चिकटा वाळून बसलाय. ओल्या फडक्याने पुसलं की काम फत्ते.

फडकं भिजवलं. पिळलं. आणि तसंच वाळत घातलं. फोटो स्वच्छ यायला लागले तर ती बसेल?

१७ जानेवारी

रोज एक फोटो. ताई खिडकीत, ताई मशीनवर वाकलेली, ताई ओठांत सुई धरून. सगळ्यांवर डाग! हात आता तोंडावर जात नाही. फोटो उमटेपर्यंत गप्पा.

"मी शुद्धीवर आले तेव्हा एवढी का रडत होतीस गं? मेले थोडीच होते."

"आनंदाने."

"आनंदाने एवढं भेसूर?"

किती दिवसांनी अशा हसलो आम्ही. या मोडक्या डब्याचे उपकार कसे फेडू?

मग मध्येच म्हणाली, "आवाज चिकट येतोय याचा." "जुना आहे, चालायचंच," मी म्हटलं. "हो, चालायचंच," म्हणाली, आणि मांजराला हाका मारत बसली.

१८ जानेवारी

फसवतेय का मी तिला? फसवतेय. पण पुसणार नाही.

२० जानेवारी

भाचीचा फोन. पुन्हा छत. फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ फ्रिजसमोर उभी होती, डागाळलेले फोटो बघत.

२१ जानेवारी

कामावरून आले तर टेबलावर कॅमेरा, शेजारी काळं झालेलं ओलं फडकं. झाकण उघडून पाहिलं — रोलर लख्ख! बाजूला एक फोटो पालथा. उलटला. एकही डाग नाही. ताई थेट कॅमेऱ्यात बघतेय, उजवीकडून हसतेय, डावी बाजू आहे तशी.

आतून आवाज आला, "मला काय रोलर कळत नाहीत? पहिल्याच दिवशी कळलं होतं. मलाही डागच हवे होते." आणि मग — "तो पोरीला पाठव. छत बघून मान अवघडली असेल तिची."