कपाटातले हात

नवेगाव बांध,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय खुमेंद्रभाऊ,

सादर नमस्कार. वहिनींनाही सांग.

इकडे सगळं बरं आहे. इटियाडोह धरणाचं पाणी या वर्षी शेवटपर्यंत मिळालं, त्यामुळे धान चांगलं झालं. कापणी सुरू आहे, हे सकाळीच धानाच्या बांधीत जातात. शाळा उद्यापासून उघडते, म्हणून आजच लिहायला बसले. ओमेश्वरीचं साक्षगंध ठरल्याचं ऐकून फार आनंद झाला. मुलगा भिलाईतलाच, म्हणजे लेक तुझ्या जवळच राहील.

फोन करणार होते. नंबर लावला आणि वहिनींचा आवाज ऐकून ठेवून दिला. त्यांना काही बोलू नकोस, चूक माझीच.

नूतनच्या हाताचं ऑपरेशन नीट झालं. मधलं बोट आणि शेजारचं बोट आता सुटं झालंय. पेन धरते, भाकरीचा तुकडा मोडते. लहान असताना तिचा हात पाहून सगळे म्हणायचे, 'मामावर गेली.' मामा कोणावर गेला, हे मात्र आपल्या घरात कधी कोणी बोललं नाही.

तर नागपूरचं सांगते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नूतन फार घाबरली होती. जेवेना, कोणाला हात लावू देईना. तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चल, तुझ्यासारखा हात दाखवते." मेडिकल कॉलेजात जुन्या वस्तूंचं एक दालन आहे. पितळी सूक्ष्मदर्शक, काचेच्या जाड पिचकाऱ्या, भूल द्यायचे जाळीचे मुखवटे. आणि भिंतीला लागून एक काचेचं कपाट. त्यात हात होते, भाऊ. प्लास्टरचे, पांढरे, कडेनं पिवळे पडलेले. बाई म्हणाल्या, हातांवरच्या शस्त्रक्रिया नव्या होत्या तेव्हा रोग्यांच्या हातांचे असे साचे घेत. एक आधीचा, एक नंतरचा.

कोणता रोग ते मी विचारलं नाही. पक्ष्याच्या पायांसारखी आत वळलेली बोटं पाहूनच कळलं.

मध्येच उठून दूध पाहून आले. उतू गेलं नव्हतं. उगाच उठले.

खालच्या फळीवर एक जोडी होती. उजव्या हाताचं मधलं बोट आणि शेजारचं बोट जुळलेलं. थेट नखापर्यंत. तुझं आहे तसं. नूतनचं होतं तसं. आधीच्या साच्यात बोटं वळलेली, नंतरच्यात सरळ झालेली, पण ती दोन जुळलेलीच. नूतन म्हणाली, "यायचे काऊन नाही सोडवले?" मी विचारलं, "कोणाचे हात आहेत हे?" त्या म्हणाल्या, "बाई दरेकशाकडच्या. अजून तपासणीला येतात. नाव मला सांगता येणार नाही." दरेकसा म्हणजे आपलंच गाव, हे मी त्यांना सांगितलं. माझं माहेरचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांना विचारते."

नूतनचे टाके निघाले त्या दिवशी निरोप आला. 'पोरीले घेऊन ये.'

भाऊ, दर पितृपक्षात मी मायच्या नावानं पान वाढलं. तापानं गेली म्हणून सांगितलं होतं, तशीच गेली असं मानलं. आणि त्या दिवशी तू कधी घरी थांबत नव्हतास. बाबूजी ओरडायचे, तू सायकल काढून निघून जायचास. मला वाटायचं, तुला तिची फार आठवण येते म्हणून.

महारोग्यांच्या आश्रमात ती मागावर सतरंजी विणत होती. माझ्याकडे पाहिलं नाही, आधी नूतनचा हात घेतला.

"सोडवले?"

"हो," नूतन म्हणाली.

"दुखते का वं?"

"थोडं."

"दुखू दे बाई. दुखते ते चांगलं." मग माझ्याकडे वळली. "तू दुर्गी नं? रडून काऊन राहिली?"

मी त्या साच्यांचं विचारलं. ती हसली. म्हणाली, "डॉक्टरनं ओल्या चुन्यासारख्यात हात दाबले. इचारलं, थंड लागते का? म्या हो म्हनलं. लागत नव्हतं काही. मंग म्हने, हे दोन बोटं बी सोडवून देतो. म्या म्हनलं, राहू द्या जी. माह्या पोराचे असेच आहेत."

मग तिनं तुझं विचारलं. उंच झाला का, चिडतो का, पोरंबाळं किती. त्यानंतर स्टेशनचं सांगितलं. बाबूजी तिला गाडीत बसवत होते आणि तू फलाटावर उभा होतास. नऊ वर्षांचा. तिनं तुझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली, दुर्गीला आणि गावाला सांगायचं नाही, नाहीतर पोरीला कोणी करून घेणार नाही. माझं लग्न झालं, नूतन झाली, बाबूजी गेले. तरीही तू बोलला नाहीस. मी तिथून आले तेव्हा तुझ्यावर संतापले होते. आता तसं काही उरलं नाही. एवढंसं पोर होतास तू.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. दिवाळीपासून माय माझ्याकडे आहे. ह्यांनीच जाऊन आणलं. शेजारच्या सुशीलाबाई मला पाहून अंगणातून आत जातात. आपल्या गावापर्यंतही आता बातमी गेलीच असेल. रोग कधीचाच बरा झालाय, डॉक्टरीणबाई कोणाशीही बोलायला तयार आहेत. माय म्हणते, "ओमेश्वरीचं साक्षगंध होऊन जाऊ दे, मंग सांग त्याले." मी तिचं ऐकलं नाही. सोयरे नंतर दुसऱ्याच्या तोंडून ऐकतील, त्यापेक्षा तू आधी सांगावंस. सोयरीक मोडू शकते, हे मला कळतं. त्या विचारानं दिवसभर हातातलं काम सुटतंय. पण हे ओमेश्वरीला विचार. आपण दोघांनीच तिच्यासाठी ठरवायला नको. एकदा तसं ठरवून झालंय आपल्या घरात.

पत्र लिहिते आहे हे मायला आता कळलं. रागावली. मग म्हणाली, "लिहूनच राहिली तं हे बी लिही. म्याच शपथ घातली होती, म्याच सोडवली म्हना. आता बोल म्हना, बाबू."

ती ज्या शब्दांत बोलली त्याच शब्दांत लिहिलंय.

मायची आणि तुझी,
दुर्गी