तांदळाच्या पेटीच्या जागी

आई,

तुला उठवले नाही. जागी असतीस तर छावणीच्या फाटकापर्यंत आली असतीस, आणि मग सैन्यात जायला माझे पाऊल उचलले नसते.

भांडी धुण्याच्या यंत्रासाठी ओट्याखालची तांदळाची पेटी काढावी लागली. तेवढी जागा तिथेच होती. तांदूळ किमचीच्या, म्हणजे आपल्या लोणच्याच्या, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहेत. यंत्राचे दार नीट लावून वरचे बटण दाब, बाकी काही करायचे नाही.

काल रात्री तू म्हणालीस, "अरे, उद्यापासून घरात मी एकटी. एका वाटीसाठी एवढं धूड?" त्याचे उत्तर आता लिहितो. मागे मी अवचित घरी आलो, तेव्हा तू ओट्याशी उभी राहून पातेल्यातलाच भात खात होतीस. "एकटीसाठी वाट्या कोण विसळत बसणार?" असे हसत म्हणालीस. ते दृश्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

म्हणून आता बसून जेव. भात, सूप, प्रत्येक तोंडीलावणे वेगळ्या वाटीत वाढून घे. साबणाच्या वड्यांचे खोके फडताळात आहे. पहिल्या रजेवर येईन, तेव्हा ते रिकामे दिसू दे.

हान्सोल