अंगठे मागे, बोटं पुढे

४ जून

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

वारा सुटलाय, क्रेन बंद आहे आणि मी वर केबिनमध्ये हात बांधून बसलेय, म्हणून हे पत्र. एरवी तुझी आठवण काढायला मला सवड नसते, हे तुला माहीत आहेच.

माझी मान अवघडलीय. दिवसभर पायाखालच्या काचेतून खाली बघायचं. लग्नातसुद्धा मी इतका वेळ मान खाली घातली नव्हती. आता डावीकडे बघायचं तर अख्खी मीच वळते. वीस तारखेला कंपनीच्या डॉक्टरची तपासणी आहे. मान दोन्हीकडे नीट वळली नाही, तर मला खाली उतरवून गेटवर पास तपासायला बसवणार. मुकादम आत्तापासूनच माझ्या जागी त्याच्या मेहुण्याला चढवायला बघतोय, आणि त्या मेहुण्याला स्टुलावरही गरगरतं.

दादा, मला खाली यायचं नाही. इथवर चढायला नऊ वर्षं लागलीत. तू रोज लोकांची डोकी चेपतोस, माझं मला करता येईल असं काहीतरी कळव.

लोभ आहेच, तो आटवू नकोस.

तुझी,
घार

८ जून

चि. घारीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणाली की मान न वळणं हा तुमच्या घराण्याचा जुनाच रोग आहे. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

उपाय सोपा आहे. दोन्ही हात दोन्ही खांद्यांवर ठेवायचे. अंगठे मागे, मणक्याच्या दोन बाजूंना, आणि बोटं पुढे. मग अंगठे गोल फिरवत दाबायचं. माझं गिऱ्हाईक पाचव्या मिनिटाला घोरायला लागतं. एकवीस वर्षं सलून चालवतोय, तेव्हा शंका काढत बसू नकोस.

मुकादमाला एकदा माझ्या खुर्चीत पाठव. अर्धी मिशी काढून परत करतो.

आहे तशीच माया ठेव.

दादा

११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अंगठे मागे आणि बोटं पुढे, हे स्वतःच्या खांद्यावर तू कधी करून बघितलंयस का? नसशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी कर.

झालं? कोपरं कुठे गेली? माझीही तिथेच गेली. मग ती खाली आणताना एक कोपर केबिनमधल्या भोंग्याच्या बटणावर पडलं आणि तिथेच अडकलं. आमच्याकडे सलग भोंगा म्हणजे वरचं ओझं सुटलंय, पळा. हुकाला काहीसुद्धा नव्हतं, पण सत्तर माणसं पळाली. मुकादम सिमेंटच्या पोत्यांमागे डोक्यावर चहाचा कप धरून बसला होता. कपाने काय वाचणार होतं, कोण जाणे.

मला लेखी ताकीद मिळालीय. आणखी एक चूक झाली तर डॉक्टरचीही वाट बघणार नाहीत. मला हसू येतंय आणि रडूही. नऊच दिवस उरलेत.

रागावलेय, पण तुझीच,
घार

१५ जून

चि. घारीस,
अनेक आशीर्वाद.

चुकलो. दुपारी दुकान बंद करून मी माझ्याच खुर्चीत बसलो. आयुष्यभर माणसांच्या मागे उभा राहिलोय, पुढे बसलो ते पहिल्यांदाच. कोपरं वर गेली तशी काचेबाहेरची दोन गिऱ्हाइकं हसत सुटली. पण घारे, माझे खांदे लाकडासारखे झालेत, आणि ते मला माहीतच नव्हतं. जरा वाईट वाटलं.

आता लिहितो ते तीन दिवस स्वतःवर करून बघितलंय. उजव्या हाताने डाव्या खांद्याचं मांस मुठीत धर, बोटं मागे. श्वास सोडताना दाब, घेताना सोड. मग दुसरी बाजू. अंगठे कवटीच्या खालच्या कडेला, खळग्यांत टेकव आणि डोकं हलकेच मागे सोड. घरी मोज्यात चेंडू घाल, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धर आणि जिथे दुखतं तिथे घोळव. मणक्याच्या हाडावर मात्र नको. दुखणं सोसवेल तेवढंच. आणि दात आवळून बसू नकोस, तू लहानपणापासून बसतेस. कानापुढे जबड्याचा सांधा आहे, तिथे बोटं गोल फिरव. हे सगळं भोंग्यापासून लांब.

डॉक्टरला घाबरू नकोस. जिना चढताना त्याला धाप लागते असं तूच मागे लिहिलं होतंस. त्या फुग्याने कुणाला नापास करायचं?

वाट बघतोय.

दादा

२१ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मान वळली. उजवीकडे सहज, डावीकडे कुरकुरत, पण खांद्यापर्यंत. कुणी उपचार केले असं डॉक्टरने विचारलं, मी म्हटलं भावाने, टपालाने. त्याला खरं वाटेना, म्हणून खिशातलं तुझं पत्र काढून दिलं. त्यात तू त्याला फुगा म्हटलंयस, हे मी विसरलेच होते. त्याने शेवटपर्यंत वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. मग पत्र मागून घेतलं. आता ते फुग्यासकट नोटीस बोर्डावर लागलंय.

आज सुट्टीच्या भोंग्यानंतर वरून बघते तर कुंपणाच्या भिंतीला पाठी घासत तीसेक माणसं उभी, प्रत्येकाच्या पाठीमागे एक मोजा. सगळ्यांत पुढे मुकादम. मी हसले, आणि मग बराच वेळ रडले. केबिन माझी राहिली, दादा.

रविवारी ये. तुझ्या त्या लाकडी खांद्यांना आजवर कुणी हात लावलेला नाही, तो आता मी लावणार. फक्त कसा लावायचा ते आधी लिहून पाठवू नकोस.

तुझी,
घार