पप्पांनी बसवलेला प्रोसेसर

९ जाने., शुक्रवार
सगळे पार्ट आले. लॅपटॉप थ्रीडी उघडलं की बंद पडतो, आणि आर्किटेक्ट सर सांगून थकले की घरांचे थ्रीडी व्ह्यू वेळेवर करून मिळणार नसतील तर काम दुसऱ्याला देतो. म्हणून हा नवा कॉम्प्युटर. दुकानातले शेखभाई जोडून देणार होते. पप्पांनी नको सांगितलं. "मी घरात असताना दुकानात कशाला?"
कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपमध्ये रिटायर होईपर्यंत वायरलेस सेट दुरुस्त केले त्यांनी. पार्किन्सन निघाल्यापासून स्क्रूड्रायव्हर धरलेला नाही. आईने माझ्याकडे बघितलं.

१० जाने., शनि.
गोळी लागू पडली की थोडा वेळ हात बरा राहतो, ती वेळ साधून बसलो. थंडी खूप, म्हणून आधी हात शेकून घेतले त्यांनी. पॉवर सप्लाय, पंखे, स्क्रू, सगळं त्यांनीच लावलं. मी नुसतं हातात देत होते. प्रोसेसर मदरबोर्डावर ठेवताना हात उडाला. किंचितच. उचलून परत नीट ठेवला, वरची पट्टी दाबली. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.
बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. बोर्डावर प्रोसेसरच्या नावापुढे लाल दिवा, म्हणजे तिथे काहीतरी चुकतंय.
"होईल," म्हणाले.

११ जाने., रवि.
दिवसभर तेच. रॅम काढली, पुसली, एकेक करून लावली. वायरी बदलल्या. मॉनिटर दुसरा, शेजारच्यांचा. लाल दिवा जात नाही.
पण पप्पा! किती दिवसांनी असे बोलत होते. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची वैशू, दोन बदलल्या की दोष कुठे होता ते कळत नाही." आई तीनदा जेवायला बोलावून गेली. बंद कॉम्प्युटरपुढे बसून मी खूश होते, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

१४ जाने., बुध.
संक्रांत. लोक तिळगूळ द्यायला आले, पप्पा आतल्या खोलीत. लोकांसमोर कप धरावा लागतो म्हणून.
सरांना खोटं सांगितलं, सॉफ्टवेअर टाकणं चालू आहे.
पप्पांना म्हटलं, दुकानात नेऊ का? "ने." बरोबर येतो म्हणाले नाहीत.

१५ जाने., गुरु.
शेखभाईंनी प्रोसेसर काढून टॉर्च आणि भिंग घेतलं. बोर्डावर प्रोसेसरच्या खाली बारीक पिना असतात, त्यातल्या कोपऱ्यातल्या वाकल्यात. कुणी बसवला? मी म्हटलं, मी. "हात हलला असेल ताई. होतं." सुईने सरळ करून बघितल्या. तरी लाल दिवा. वाकलेल्या पिनांना वॉरंटी नाही. नवा बोर्ड.
घरी सांगितलं, बोर्ड मुळातच खराब निघाला, कंपनी बदलून देतेय.
"पिना वाकल्या होत्या का?"
नाही म्हटलं. परत विचारलं नाही त्यांनी.

१७ जाने., शनि.
आज आईने पप्पांची दाढी केली. आजपर्यंत स्वतः करायचे, कापलं तरी. आई म्हणते त्यांनीच सांगितलं.

२१ जाने., बुध.
नवा बोर्ड आला. पप्पांना हाक मारली, या ना. "तूच कर." गॅलरीत पाठ करून बसले.
मीच केलं सगळं. माझे हात स्थिर. प्रोसेसर अलगद बसला, पिना आधी भिंगातून बघितल्या होत्या, सरळ होत्या. बटण. पंखे. आणि लाल दिवा, त्याच जागी.
शेखभाईंना फोन. म्हणाले प्रोसेसरच गेलेला दिसतो. पहिल्यापासून गेलेला असेल, नाहीतर वाकलेल्या पिनांनी गेला असेल. सांगता येत नाही. कंपनीकडे पाठवू.

२२ जाने., गुरु.
राहवलं नाही. पप्पांना सगळं खरं सांगितलं, पिनांचंही. म्हणजे कदाचित प्रोसेसरच खराब आला होता, तुमच्यामुळे झालंच नसेल.
शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असेल. पण हात उडाला तो माझाच ना."


२४ जाने., शनि.
सरांचा मेसेज. काम दुसऱ्याला दिलं. पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ नसते, माहीत आहे.
आईला अजून सांगितलेलं नाही. पप्पांना तर…

२७ जाने., मंगळ.
स्वयंपाकघरातला मिक्सरचा प्लग ठिणग्या मारत होता. आईने पप्पांना न विचारता बाहेरून वायरमन बोलावला. या घरात पहिल्यांदा. तो आला तेव्हा पप्पा दाराशी खुर्चीत होते. पाय आवरून घेतले, त्याला जायला वाट दिली.
शेखभाईंचा फोन नाही. कंपनीतून काही कळलेलं नाही म्हणे.
कॅबिनेट अजून टेबलावर उघडं, धूळ बसतेय. संध्याकाळी झाकण लावायला घेतलं तर पप्पा म्हणाले, "राहू दे." झाकण परत भिंतीला टेकवून ठेवलं.