निम्म्या वेगाचं गाणं

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, व्यवसायाने संगीत संयोजक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने वकिलांकरवी लिहवून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी असतं तर बरंच झालं असतं.

१. दोन खोल्यांचे राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या भाचीस, म्हणजे दादाच्या मुलीस, मिळावी. तिने घर विकले तरी हरकत नाही. आतल्या खोलीच्या भिंतींना लावलेल्या गाद्या आवाज कोंडण्यासाठी आहेत, मला वेड लागले होते म्हणून नव्हे, एवढे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

२. ताल मोजणारे टिकटिक यंत्र आमच्या जुन्या बँडच्या ड्रमरला, ज्याला आम्ही ठोक्या म्हणतो त्याला, द्यावे. माझा ऑर्गन मागे पडतो असे तो चाळीस वर्षे गावभर सांगत फिरला. आता घरी बसून खात्री करून घ्यावी.

३. माझा ऑर्गन, तो वाजवेल अशा कोणालाही द्यावा. शोभेला ठेवणाऱ्यास देऊ नये.

४. आता दादाविषयी. वकील म्हणतात, मृत्युपत्रात एवढं लांबण लावू नका. पण ऐकायला दुसरं आहे कोण?

बँडमध्ये दादा गायचा आणि गिटार वाजवायचा. आमचं एकच गाणं गाजलं, ते त्यानेच लिहिलेलं. कॉलेजातली पोरं बाकांवर उभी राहून आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडायची. सहा वर्षांपूर्वी एका दिग्दर्शिकेने सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीसाठी ते नव्याने बांधून मागितलं. पडद्यावर एक बाई रिकामं घर आवरते आणि नावं येत राहतात. एक मिनिट पन्नास सेकंद. मी ड्रम काढले, गिटार काढली, वेग निम्मा केला आणि एका नव्या मुलीकडून जवळजवळ कुजबुजत गाऊन घेतलं. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम आहे, हे मी शुद्धीत असताना सांगते.

दादाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, म्हणून. चूक माझी. पहिल्या खेळाला तो माझ्या शेजारी बसला होता. नामावली अर्धी असतानाच उठला.

"धावतं गाणं होतं माझं," म्हणाला. "तू त्याला अंथरुणाला खिळवलंस."

त्याचं नाव सगळ्यात शेवटी, एकटं, मोठ्या अक्षरांत आलं. ते बघायला तो थांबला नाही. तेव्हापासून अबोला. मी फोन केला की वहिनी उचलते. "अगं, ते झोपलेत," म्हणते. सकाळी अकरालाही झोपलेलेच असतात. मला त्याची फार आठवण येते.

५. कपाटातील मूळ गाण्याची टेप दादास द्यावी. कारण असे की, नवा वेग ठरवताना मी ती निम्म्या वेगाने लावली होती. एरवी ड्रमच्या दणक्यात जे दबून जातं, ते ठोके लांब लांब पडल्यावर मोकळं झालं. माझा ऑर्गन सुरू व्हायच्या आधी, दर वेळी, दादा माइकवरून तोंड फिरवून म्हणतो, "चिमे, आता." पाच वेळा. मी कधी चुकत नाही, असा मला जन्मभर तोरा. तेव्हाही ते माझ्या कानावर पडतच असणार, पण मी ते जमेस धरलं नाही. हे त्याला सांगायचं राहिलं. आधी कामाच्या घाईत, मग रागात, मग लाजेने.

इथे वकिलांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे तुमच्यामागे अमलात येणार. कळतंय ना?"

"कळतंय की."

"भाऊ किती वर्षांचे?"

"पंच्याहत्तर."

"म्हणजे तुमच्याहून सात वर्षांनी मोठे," ते म्हणाले. मी उठून कपाटातून टेप काढून आणली.

६. वरील कलम ५ मी रद्द करते. सदर टेप माझ्या मालमत्तेत धरू नये. ती मी उद्या सकाळी स्वतः दादाकडे नेत आहे, वाजवायच्या यंत्रासकट. तो झोपलेला असल्यास उठेपर्यंत बसेन.

सही: चिमी (कागदोपत्री नाव पाठीमागे)

साक्षीदार १: लिफ्ट दुरुस्तीस आलेले कारागीर. आजच ओळख झाली.
साक्षीदार २: समोरच्या घरातील शिक्षिका. अकरा वर्षे शेजार, घरात आज प्रथमच आल्या.

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, दुपारी