'हा नको' नावाची फाईल

४ जून

गेली नाही. फाईल गेली नाही! सकाळपासून संगणकासमोर बसून पाठ धरली, आणि ती जिथल्या तिथे. नोकरीत असताना हाताखालच्या माणसाला "पाठवून दे रे" म्हटलं की जायची. तो नेमकं काय करायचा ते एकदा तरी वाकून बघायला हवं होतं!

दादाला पक्षाघात होऊन दीड महिना झाला. उजवा हात लुळा, आणि तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, ओळखीचं काहीतरी सतत कानावर पडू द्या. वाचा यायची असेल तर याच दिवसांत येईल, मागाहून कठीण. मी जाऊन आलो. समोर बसून लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. दारावर काही विकायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मग मी रडलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, इथे येऊन रडण्यापेक्षा घरी बसून व्हायोलिन वाजवा आणि ईमेलने पाठवा. मी रोज लावीन." वहिनींचं बोलणं असंच, आडपडदा नाही.

तेव्हा आता दादाने ज्याला वर्षानुवर्षं व्हायोलिन शिकवलं आणि तरी ज्याला धड आलं नाही, तो मी — औषध म्हणून वाजवणार. बिचारा दादा. उठून पळताही येत नाही त्याला.

५ जून

उत्तर आलं! वहिनींचं नव्हे. मेलर डेमन म्हणून कोणी आहे. फाईल फार मोठी आहे, पोचवता येत नाही, असं कळवतो. मी त्याला नम्रपणे लिहिलं की घरात आजारपण आहे, या खेपेस सांभाळून घ्यावं. नंतर त्याचा पुन्हा तोच मजकूर, शब्दाला शब्द! "काय कोडगा माणूस आहे," मी मोठ्याने म्हणालो. ही मागेच उभी. "अहो, तो माणूस नाही. यंत्र आहे." हसता हसता हिला भिंत धरावी लागली.

शेवटी फाईल लहान करून दिली ती हिनेच. मला ती करू देत नव्हती असं मी स्वतःला सांगितलं आहे.

६ जून

गेली! 'पाठवले' असं पडद्यावर आलं. मी टाळ्या वाजवल्या. तासाभरात वहिनींचा फोन — "पत्र पोचलं, भावजी. फाईल जोडायची राहिली."

९ जून

आता नीट लिहून ठेवतो, कारण आज मी मोठी कामगिरी केली.

मी लहान असताना दादाने माझ्यासाठी एक चाल बांधली होती. तिचं नाव 'जिना'. सूर एकेक पायरी चढत वर जातात आणि धावत खाली येतात. चढताना मी बरा असतो. उतरताना शेवटून दुसऱ्या पायरीवर हमखास घसरतो — पहिल्या दिवशी घसरलो तो आजतागायत. घसरलो की दादा टेबलावर दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "परत." रागावणं नाही, ओरडणं नाही. नुसतं "परत." त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

तर ती आधीची फाईल सोडून दिली आणि आज 'जिना' रेकॉर्ड केला. घसरलोच. पण या संगणकात कापाकापीची सोय आहे! घसरलेला सूर कापला, दुसऱ्या खेपेतला चांगला सूर आणून तिथे चिकटवला, खोकला काढला, खुर्चीची करकर काढली. ऐकलं तर काय — निर्दोष! जन्मभर बोटांना जमलं नाही ते माऊसने करून टाकलं. दादा थक्क होईल.

पाठवलं. जोडलंय का ते हिने दोनदा बघितलं.

११ जून

वहिनींचा ईमेल. "लावलं. खिडकीकडे बघत होते."

एवढंच.

१४ जून

दोष माझ्या वाजवण्यात नाही, खोलीत आहे. आवाज घुमतो. नवा माईक आणला आणि कपड्यांच्या कपाटात बसून वाजवलं, कारण कपडे आवाज पितात असं कुठेसं वाचलं होतं. कोपर दाराला, गज हँगरला. ही साडी काढायला आली, तिने दार उघडलं, आत मी! मानेखाली व्हायोलिन, डोक्यावर हिचा कोट. तिने साडी ओढून घेतली आणि दार परत लावलं. संसाराला इतकी वर्षं झाली की असं होतं.

पण रेकॉर्डिंग झकास. पुन्हा कापलं, चिकटवलं, पाठवलं.

१७ जून

वहिनींचा ईमेल जसाच्या तसा उतरवून ठेवतो. "भावजी, राग मानू नका. फाईल छान होती, अगदी स्वच्छ. पण ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, तुमचा धाकटा भाऊ वाजवतोय. तर मान हलवली. नाही म्हणून. डॉक्टरही आता पूर्वीसारखा भरवसा देत नाहीत."

म्हणजे माझं वाजवणं त्याला नको. इतकं चांगलं वाजवूनही नको!

जेवलो नाही. मग संध्याकाळी दुप्पट जेवलो. हिने न टोकता वाढलं, म्हणजे तिलाही भीती वाटतेय.

२० जून

शेवटचा प्रयत्न म्हणून बाहेरच्या खोलीत बसून सहा-सात खेपा वाजवल्या. फाइलींना नावं दिली — 'छान', 'अधिक छान', 'सर्वांत छान'. एक खेप मात्र अगदीच गचाळ. त्यात मी उतरताना घसरलो, "अरे देवा" म्हणालो, कुकरने शिट्टी दिली, आणि ही आतून ओरडली, "चहा टाकू का हो?" आणि मी वाजवता वाजवता "टाक" म्हणालो! त्या खेपेला नाव दिलं 'हा नको'.

'सर्वांत छान' पाठवून दिली. आता जे होईल ते होवो.

२१ जून

मेलो.

पाठवलेल्या पत्रात डोकावलो, आज चष्मा लावून. 'हा नको' गेली आहे! सगळ्यांत खालची ती शेवटची, म्हणजे सगळ्यांत चांगली, असं समजून मी खालची उचलली. नावही वाचलं नाही. आजारी भावाला औषध म्हणून मी कुकरची शिट्टी पाठवली.

वहिनींना लगेच लिहिलं — "कृपया न ऐकता पुसून टाका." फोन केला, कोणी उचलला नाही.

२२ जून

फोन उचलत नाहीत. काही वाईट तर नसेल? ही म्हणते, "उद्या सकाळी निघू." बॅग काढून ठेवली. आता वाजवणं बंद. व्हायोलिन कुठेतरी कोंबून दिलं, डोळ्यांसमोर नको.

२३ जून

निघायच्या आधी वहिनींचा ईमेल. मजकूर नाही, नुसती फाईल. मला उघडवेना, म्हणून हिने उघडली.

दादाच्या खोलीतला आवाज, वहिनींनी टिपलेला. मागे माझा 'जिना'. घसरलो. "अरे देवा." शिट्टी. चहा. "टाक." मग शांतता. मग पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा — टक, टक. वहिनी म्हणतात, "काय हो? काय?" आणि मग जाडजूड, वाकडातिकडा, पण दादाचाच आवाज —

"परत."

बॅग तशीच दारात आहे. ही रडतेय आणि मी घरभर शोधतोय. व्हायोलिन कुठे कोंबलं मी!