लेकीच्या बाळंतपणाआधी

१७ जून, मंगळवार
दूध जळालं. एरवी जळालं असतं तर रोजचंच — पण आज विहीणबाई घरात होत्या! सिंधूबाई माझ्या लेकीला, स्नेहलला घेऊन खुटबावहून आल्या होत्या. दूध ठेवलं, देवाला फुलं आणायला परसात गेले, तिथं शेवग्याला शेंगा दिसल्या, त्या तोडत बसले. इकडं घरभर धूर. गॅस सिंधूबाईंनीच बंद केला. निघताना म्हणाल्या — "पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय, मान्य हाय. पण आमी खुटबावातच करू म्हणतो. दवाखानाबी जवळ पडतोय."
दवाखान्याचं निमित्त. मला काय कळत नाही?
स्नेहल मान खाली घालून बसली होती.
ह्यांचं रात्री जेवताना — "बरोबरच हाय त्यांचं. तू बाळाला न्हाऊ घालशील, मधीच भाजीवाला आला की त्याला तसंच पाटावर ठिवून भाव करायला जाशील."

१८ जून
रडून झालं. कालचा खर्च मांडायचा राहिला.

२४ जून, मंगळवार
गावातल्या डॉक्टरांकडं गेले. म्हटलं, हा विसराळूपणा थायरॉइडचा असंल. रक्त तपासलं, सगळं नीट. त्यांनी खूप वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, शिरूरला मनाच्या डॉक्टर मॅडम दर गुरुवारी असतात. एकदा दाखवून घ्या. तुमचं लहानपण ज्याला ठाऊक हाय असं कुणीतरी संगं न्या."
हे ओरडलेच. "येड लागलंय का तुला?"
म्हटलं, "ते त्याच सांगतील की."

३ जुलै, गुरुवार
अर्ध्या तिकिटात शिरूर. ज्ञानदेवदादा माहेराहून परस्पर आला. मॅडमनी त्याला विचारलं, लहानपणी कशी होती? दादा म्हणतो, "हिला दळणाला धाडलं की ही माघारी यायची, दळण न्हाई यायचं." मॅडम हसल्या. मीपण हसले. मग एकाएकी डोळ्यांत पाणीच आलं.
पुष्कळ प्रश्न विचारले. शाळेचे, घरातले, झोपेचे. शेवटी म्हणाल्या — लक्ष एका जागी न ठरण्याचा आजार आहे, जन्मापासूनचा. मोठ्या माणसांतही असतो, बायकांत तर ओळखायचाच राहून जातो. हा आळस नाही. वेडही नाही.
मी पुन्हा विचारलं, "आळस न्हाई ना?"
"नाही."
हे वाक्य कुणीतरी आईला ऐकवायला पाहिजे होतं. ती गेली बिचारी, मला वेंधळी म्हणत म्हणत.
उपाय पुष्कळ आहेत म्हणे. एक गोळी घेतल्या दिवशीच काम करते, पण ती वेगळ्या चिठ्ठीवर मिळते, दुकानं थोडी, आपल्याकडं तर सापडतच नाही. दुसरी रोज घ्यायची, गुण यायला महिना-दीड महिना. शिवाय समुपदेशन, म्हणजे बोलून सवयी बदलायच्या. झोप आणि चालणं तर पाहिजेच.
मी विचारलं, गोळीवाचून भागतं का? नुसत्या सवयींवर? मॅडम म्हणाल्या, "काहींचं भागतं. तुमचं दोन्हींनी लवकर भागेल असं मला वाटतं. तुम्ही ठरवा." आजवर मला असं कुणी ठरवायला सांगितलं नव्हतं!
उसाला पाणी देताना बघितलंय ना — पाटाचं दार उघडलं तरी पाणी कुठल्या सरीत सोडायचं ते माणसालाच बघावं लागतं. गोळी म्हणजे दार. सरी मी बघणार.
रक्तदाब बघितला, छातीचा आलेख काढला, मग दुसरी गोळी लिहून दिली. बाळंतपण नोव्हेंबरात. वेळ आहे.

८ जुलै
तोंड कोरडं पडतंय. भूक नाही. गुण शून्य.

२१ जुलै
आजही गुण नाही. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. हे म्हणाले, "थंड झालं असंल डोकं."

२८ जुलै, सोमवार
श्रावणातला पहिला सोमवार. निरंकार उपवास. सकाळी गोळी घेतली — गोळीनं काय उपवास मोडतो? तासाभरात घेरी, उलट्या. देवळाच्या पायरीवरच बसले. हे मोटारसायकलवर घेऊन आले, ती गोळ्यांची पाकिटं उचलून म्हणाले, "बास झालं. उद्यापास्नं बंद."
मला वाटलं, संपलं. लेक येत नाही आता.

२९ जुलै
मॅडमना फोन केला. "जेवणानंतर घ्या म्हटलं होतं ना, ताई? रिकाम्या पोटी मळमळणारच. बंद करू नका."
पण श्रावण कसा सोडू? लग्नापासून एक सोमवार चुकला नाही. आत्याबाईंपुढं बोलून गेले. माझ्या सासूबाई, सारजाबाई, साऱ्या गावात कडक! वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "महादेव काय तुझ्या ताटात डोकवत बसलाय व्हय? तू खा. तुझ्या वाटचं सोमवार मी धरते."
"आवं, तुमचा धरलेलाच असतोय की."
"मग मंगळवारबी धरीन. तुला काय करायचंय?"
पाकिटं परत देवघराजवळ आणून ठेवली — ह्यांनीच.

७ ऑगस्ट, गुरुवार
मॅडमच्या शेजारच्या खोलीत समुपदेशक प्राचीताई. पोरगीच आहे, पण गोड. तिनं सांगितलं, गॅस पेटवला की ओट्यापासून हलायचं नाही. हलावंच लागलं तर उलथणं हातात घेऊन जायचं. ते हातातून खाली ठेवायचं नाही, ओट्यावर आल्याशिवाय.
संध्याकाळी उलथणं घेऊन दारात उभी. शंकरराव पोस्टमन म्हणतो, "वहिनी, पत्र आणलंय, मारता का काय?"
भाजी करपली नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पोथी वाचली. पूर्ण अध्याय! एरवी ओठ वाचतात आणि मी असते गोठ्यात. आज एकेक ओवी ऐकू आली. एकदा मन गेलं — परत आणलं. आपल्या घरात इतकी शांतता असते हे ठाऊकच नव्हतं.
देवा, ही गोळी तुझीच.

२४ ऑगस्ट, रविवार
खुटबावात स्नेहलचं डोहाळजेवण. गव्हल्यांची खीर मी केली, सगळ्यांसाठी. पातेल्यापासून हलले नाही. सिंधूबाई मागं उभ्या राहून बघत होत्या, मला कळत होतं. ओटी भरून झाल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "घिऊन जावा तुमची लेक. माझी ना न्हाई."
मी स्नेहलकडं वळले.
ती म्हणाली, "आई, मी न्हाई येणार."
सगळ्यांसमोर. आणि आत निघून गेली.
घरी आल्यावर ह्यांनी स्वतःच चहा केला, मला दिला. म्हणाले, "तू केलंस ते केलंस. वाया न्हाई ते." गोळी घेतली. जेवूनच.

२५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी स्नेहलचा फोन. मोरीत जाऊन बोलत होती, आवाज घुमत होता. "आई, मला तुझी भीती न्हाई वाटत. माझी वाटती. मीबी तशीच हाय गं, तुझ्यासारखी. हितं कुणाला कळू दिलं न्हाई अजून. दोघी अशा, आन् मधी बाळ — म्हणून न्हाई म्हणले."
म्हटलं, "आज यायला निघ. गुरुवारी मॅडमकडं दोघी जाऊ."